पाणी किती वाजता आलं, तेवढं लिहून ठेवा : मराठवाड्यातल्या महापालिका-नगरपरिषदांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका : नांदेड-वाघाळा, परभणी, लातूर, जालना, छत्रपती संभाजीनगर
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद : बीड, हिंगोली, धाराशिव

विषय : शहरातल्या पुराचा अंदाज सांगणारं मॉडेल विकत घेण्याआधी करायची कामं

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्याच एका शहरात राहतो आणि अभियांत्रिकीच्या पोरांना संगणक शिकवतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीचे सात जण ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पत्र बाजूला सारतील, आणि दुखणं तर आठही ठिकाणी एकच आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर मला एका सादरीकरणाला बोलावलं होतं. शहरात पाणी कुठे तुंबणार हे एक कंपनी मशीन लर्निंगने आधीच सांगणार होती. पडद्यावर शहराचा नकाशा. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे निर्धास्त. चहा-बिस्किटं चांगली होती. मी सवयीने आधी माझी गल्ली शोधली. ती हिरवीगार निघाली. याच गल्लीत सप्टेंबरात कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्या आजींना आम्ही खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं होतं. मी विचारलं. सादर करणारा पोरगा प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, “सर, डेटामध्ये तिथं पाणी आल्याची नोंद नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. नोंद नाहीच.

तुमच्यापैकी काहींच्या टेबलावर असे प्रस्ताव आले असतील, काहींच्या येतील. माझा या तंत्राला विरोध नाही. त्यावरच माझं पोट आहे. पण मॉडेल विकत मिळतं, त्याला शिकवायची वही विकत मिळत नाही. ती ज्याच्या-त्याच्या शहराने लिहायची असते आणि आपण ती आजवर लिहिलेली नाही.

यंत्र शिकतं म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. इतका पाऊस, इतक्या मिनिटांत, नदीची पातळी इतकी, जमीन आधीच इतकी ओली, हा झाला प्रश्न. अमुक चौकात इतक्या वाजता इतकं पाणी, हे त्याचं उत्तर. अशा शेकडो जोड्या दाखवल्या की यंत्र त्यांची सांगड घालायला लागतं. आपल्याकडे प्रश्न ढिगाने आहेत, उत्तरपत्रिका कोऱ्या आहेत.

उत्तरं शोधायला मी आणि माझे चार विद्यार्थी एका कार्यालयात गेलो होतो. पाच वर्षांचे पंचनामे बघायला मिळाले, त्यासाठी तिथल्या कारकुनांचे आभारच मानायला हवेत. पंचनाम्यात होतं काय? साखर दोन क्विंटल, तूरडाळ चार पोती, फ्रीज एक, नुकसान रुपये इतके. पाणी किती वाजता घुसलं, किती फूट चढलं, कधी ओसरलं याला रकानाच नव्हता. फाइली लावलेल्या मदत घेणाऱ्याच्या नावाने, गल्लीने नाही. पैसे वाटायला हा कागद बरोबर आहे, त्यात कुणाची चूक काढायची नाही. पण पाण्याबद्दलच्या कागदात पाणीच नाही, अशी ती गंमत आहे.

वही शेवटी सापडली ती एका किराणा दुकानात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेठचं दुकान आहे, नाल्यापासून साठ-सत्तर पावलांवर. गल्ल्यामागच्या भिंतीवर, अगरबत्तीच्या खोक्यांच्या आड, ऑइलपेंटच्या आडव्या पट्ट्या ओढलेल्या आहेत. पाच पट्ट्या, प्रत्येकीशेजारी तारीख आणि वेळ. सगळ्यात वरची जमिनीपासून तीन फूट चार इंचांवर, तिच्यापुढे ‘रात्री १.२०’. मला वाटलं विम्यासाठी असेल. शेठ म्हणाले, “विमा कुठला सर! मीटरचा बोर्ड खाली आहे. दुसऱ्या पट्टीला पाणी टेकलं की मेन बंद करायचा, हे पोरांना कळावं म्हणून.” एवढ्या एका वाक्यात निरीक्षण, पातळी आणि कृती तिन्ही आली. पूर नियंत्रण कक्षाला याहून वेगळं काय करायचं असतं?

गावोगाव अशी माणसं आहेत आणि ती म्हातारी होत चालली आहेत. बीडमध्ये जुलै १९८९चा बिंदुसरेचा पूर जाणत्या वयात पाहिलेले लोक आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत; पाणी कोणत्या पायरीपर्यंत होतं ते बोटाने दाखवतील. हिंगोलीत सप्टेंबर २०२४ मध्ये कयाधूचं पाणी कोणत्या वस्तीत शिरलं, ते तर शाळकरी पोरंही सांगतील. प्रत्येक प्रभागात दोन शिक्षक, एक मोजपट्टी आणि एक रविवार, एवढ्यावर काम भागतं. निविदा काढायची गरज नाही.

आता पावसाचं बघू. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत, म्हणजे काही गावांच्या एकेका गटात, बसवलेली आहेत आणि त्यांचा शेतकऱ्याला उपयोग आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. शहराला हे माप चालत नाही. ६५ मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला तर आमच्या गल्लीत चिखल होतो, बाकी काही नाही. चाळीसच मिलिमीटर अर्ध्या तासात कोसळला तर एका चौरस किलोमीटरवर चार कोटी लिटर पाणी उतरतं, आणि सिमेंट रस्ते, पेव्हर ब्लॉक, पत्रे यांना त्यातलं काही पिता येत नाही. मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या यंत्राने एका संध्याकाळी १२ मिलिमीटर दाखवला. त्याच वेळी बाजारात गुडघाभर पाणी होतं. यंत्र खोटं नव्हतं. ते नऊ किलोमीटर लांब, एका गावात उभं आहे आणि ढग बाजारावर आला होता.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच शहरी पुरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असं म्हटलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरचा विस्तार सुमारे १४० चौरस किलोमीटर, म्हणजे पस्तीस पर्जन्यमापक झाले. तुमच्या शहरात किती आहेत, ते तुम्हीच मोजा. मुंबईत साठच्या वर आहेत.

रडार आहे ना, असं कुणीतरी म्हणेल. आहे, पण नांदेडपासून हैदराबादचं रडार सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा झोत नांदेडवर येईपर्यंत जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याला ढगाचा माथा दिसतो, ढगाखाली चाललेला धिंगाणा नाही. उपग्रहांचंही तेच. युरोपचा सेंटिनेल-१ ढगांच्या आरपार बघतो, हे खरं, पण तो त्याच जागेवर काही दिवसांनी परत येतो आणि आमचं पाणी तीन तासांत येऊन जातं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका थर्माकोलने. विद्यार्थ्यांनी नाल्यावरच्या नळकांडी पुलाला एक साधा सेन्सर लावला होता. तो आवाजाची लहर खाली सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याची पातळी काढतो. खर्च काही हजारांचा. पहिले दहा दिवस छान चाललं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, कडक उन्हात, पातळी एकदम दोन फुटांनी वाढली. पोरं मोटारसायकली काढून धावत गेली. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. कुठल्याशा मंडळाच्या मखराचा थर्माकोल वाहत येऊन नेमका सेन्सरखाली अडकला होता. आम्ही हसलो, फोटो काढले आणि घरी आलो. थर्माकोल तिथून काढला नाही, ही आमची चूक. चार दिवसांनी पस्तीसेक मिलिमीटर पाऊस झाला आणि दुकानांत पाणी. जूनमध्ये तेवढ्याच पावसाला काही झालं नव्हतं!

म्हणजे पाऊस तोच, नाला तोच, उत्तर वेगळं. एक कारण जमिनीचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, जूनचं पाणी ढसाढसा पिते. सप्टेंबरात तिचं पोट भरलेलं असतं. दुसरं कारण थर्माकोलचं. मोरी, म्हणजे पुलाखालची पाणी जायची वाट, किती तुंबली आहे हे मॉडेलला कुणी सांगितलं नाही, तर ते बिचारं दोन सारख्या दिवसांची दोन उत्तरं बघून गोंधळणारच. नालेसफाईची बिलं तुमच्याकडे असतात. कोणती मोरी, कोणत्या तारखेला, किती गाळ, हेही त्याच बिलात असतं किंवा असायला हवं. माझ्या मते शहराच्या पूर-मॉडेलला लागणारी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात फुकट माहिती ती हीच. ती लेखा विभागात पडून असते. खरं सांगायचं तर मुकादमाला विचारलं तर तो मॉडेलशिवायच सांगेल की यंदा कोणती मोरी दगा देणार.

नदीचा पूर आणि गल्लीतलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे त्यांची सरमिसळ करतात, म्हणून थोडं सांगतो. नदीच्या बाबतीत यंत्र खरोखर पुढे गेलं आहे. गुगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून भारतात पुराचे इशारे सुरू केले आणि आता नदीच्या पुराचा अंदाज काही दिवस आधी देता येतो. आपल्याकडे त्याला वाव मोठा आहे, कारण आपल्या नद्यांवर धरणं आहेत आणि येवा (धरणात येणारं पाणी), विसर्ग (सोडलेलं पाणी), पातळी यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीच्या विसर्गाने पैठणमध्ये पाणी शिरलं. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. पैठणहून निघालेलं पाणी नांदेडला पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ हातात असतो. नांदेडच्या जुन्या पुलावर समुद्रसपाटीपासून ३५१ मीटर ही इशारा पातळी आणि ३५४ मीटर ही धोका पातळी. हे आकडे तिथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतात. गल्लीला असा आकडा नाही. तिच्या हातात अर्धा तास असतो.

दोन्ही एकत्र आलं की खरा घोळ होतो. वरून नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेले, गोदावरी तुडुंब आणि त्याच रात्री शहरावर ढग. नाल्याचं तोंड नदीच्या पातळीखाली गेलेलं असतं. शहरातलं पाणी नदीत उतरणं सोडाच, नदीच नाल्यातून मागे सरकत येते. अशा रात्री तीस मिलिमीटर पाऊससुद्धा भारी पडतो. म्हणून मॉडेलला शहराचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग एकाच वेळी, दर पंधरा मिनिटांनी मिळायला हवा. जलसंपदा विभाग आणि नगरपालिका यांच्यामधला हा निरोप आज फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून येतो. यंत्राला फोटोतला आकडा वाचायला लावण्यापेक्षा तुम्ही आणि कार्यकारी अभियंत्यांनी एकदा चहा घेऊन ठरवणं स्वस्त पडेल.

मुंबईसाठी जून २०२० मध्ये आयफ्लोज नावाची पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली, त्याआधी चेन्नईसाठीही झाली होती. ‘तेच इथे बसवू’ असं कुणी म्हणालं तर सावध राहा. तिथे भरती-ओहोटीचं गणित आहे. आपल्याकडे समुद्राच्या जागी धरणाचे दरवाजे आहेत, आणि भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं, दरवाज्यांचं नाही.

आता अचूकतेबद्दल. माझा एक विद्यार्थी उड्या मारत आला : “सर, आपलं मॉडेल जवळजवळ नव्व्याण्णव टक्के बरोबर!” मी विचारलं, पाणी आलेल्या दिवसांपैकी किती पकडले? एकही नाही. पाच पावसाळे म्हणजे ६१० दिवस, त्यात पाणी आलं ७ दिवस. मॉडेल रोज डोळे मिटून ‘आज काही नाही’ म्हणत होतं आणि ६०३ वेळा बरोबर ठरत होतं. हे तर आमच्या भिंतीला टांगलेलं कॅलेंडरही करू शकतं. तुमच्यापुढे कुणी टक्केवारी ठेवली तर दोनच गोष्टी विचारा. आलेल्या पुरांपैकी किती सांगितले? आणि सांगितलेल्यांपैकी किती आले? तेही ज्या वर्षाचा डेटा मॉडेलने आधी पाहिलेला नाही, त्या वर्षावर तपासून. विद्यार्थ्याला पेपर आधी दाखवून घेतलेल्या परीक्षेला आपण परीक्षा म्हणत नाही.

इशारा किती वेळा खोटा निघाला तर चालेल, हा प्रश्न इंजिनिअरचा नाही, शेठचा आहे. मी त्यांना विचारला. त्यांनी पेन घेतला. माल माळ्यावर चढवायला दोन हमाल, रात्रीचा दर, बाराशे रुपये. नाही चढवला आणि पाणी आलं तर साखर, गूळ, पोहे मिळून साठ हजारांचा चुराडा. म्हणजे पाणी यायची शक्यता शंभरात दोनच्या वर असली की माल हलवणं परवडतं. शंभरात दोन! कुठलंही मॉडेल एवढ्या बारीक शक्यतेला भोंगा वाजवणार नाही, वाजवला तर पावसाळाभर वाजतच राहील. त्याच चौकात बसणाऱ्या भाजीवालीचा हिशोब उलटा आहे. खोट्या इशाऱ्याला उठून गेली तर दिवसाची कमाई गेली आणि पाणी आलंच तर ती टोपली उचलून चालती होते. तिला शंभरात साठ-सत्तर कळलं तरच उठणं परवडेल.

म्हणून ‘रेड अलर्ट’ असा एकच शब्द सगळ्यांच्या मोबाइलवर फेकू नका. ‘आज रात्री दहा ते एकच्या दरम्यान नाल्याकाठच्या दुकानांत पाणी शिरण्याची शक्यता दहात तीन’ असं सांगा, ज्याचा त्याचा हिशोब ज्याला त्याला करू द्या. लोकांना शक्यता कळत नाही, असं साहेब लोकांना वाटतं. पेरणी करावी की थांबावं, हे दर मृगाला ठरवणाऱ्या मुलखाबद्दल आपण हे बोलतोय!

एक भीती आहे, तीही बोलून टाकतो. ज्यांचा पंचनामा झाला नाही त्यांच्याकडे पाणी आलंच नाही, असं मॉडेल शिकेल. नाल्याकाठच्या भाड्याच्या खोल्या, ज्यांच्याकडे करपावती नाही अशी घरं, पावसाळ्यात पालं टाकून राहणारे ऊसतोड आणि वीटभट्टीचे मजूर, हे सगळे नकाशावर हिरवे राहतील. आणि याच्या नेमकं उलटंही होऊ शकतं. एकदा हा पट्टा लाल झाला की फक्त त्याच झोपड्या हटवायला नकाशा हातात घेतला जाईल, आणि वरच्या अंगाला ज्या लेआउटने नाला वीस फुटांचा सहा फूट केला त्याची संरक्षक भिंत जागच्या जागी राहील. नदीला निदान २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा असते. नाल्याला सहसा तीही नसते. तेव्हा नकाशात नाल्याची आजची रुंदीही भरा आणि जुन्या नगर भूमापन नकाशावरचीही.

आपल्याकडे हे काम मागे पडतं त्याचं एक कारण मला दिसतं. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते चित्र देशाच्या डोक्यात बसलं आणि आपल्याही. पावसाळ्याची सरासरी धड सातशे मिलिमीटर नाही, तिथे गटारं मोठी कशाला, असं अंदाजपत्रक करणाऱ्याला वाटत असावं. पण सरासरी चार महिन्यांची असते आणि हल्ली ती चार-पाच रात्रींत उरकते.

मागणी मोठी नाही. या जूनच्या आधी दहा-पंधरा पर्जन्यमापक आणि मुख्य मोऱ्यांवर सेन्सर बसवा. सेन्सरखालचा कचरा काढायला एक माणूस नावानिशी नेमा. पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवा : पाणी आलं वाजता, उंची, ओसरलं वाजता. तुमच्या शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. नांदेडचं गुरुगोविंदसिंगजी तर विष्णुपुरी धरणाच्या कुशीतच आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टला विषय शोधत फिरतात, त्यांना हा द्या. आणि करारात एक ओळ असू द्या की गोळा झालेला डेटा शहराचा, कंपनीचा नाही. करार संपला की वही आपल्याकडे राहील आणि ती सगळ्यांना बघायला मिळेल. असे दोन-तीन पावसाळे गेल्यावर मॉडेल विकत घ्या, फुकटचं वापरा किंवा आमच्याकडून करून घ्या. सप्टेंबरची माझी गल्ली त्यावर दाखवून बघा. लाल झाली तर पैसे द्या.

कळावे,
आपला,
संगणकाचा एक मास्तर

ता. क. : शेठच्या दुकानाला पाडव्याआधी रंग द्यायचा आहे, सुनेचा हट्ट आहे. पट्ट्यांचे फोटो काढून, फरशीपासूनची उंची टेपने मोजून मी ठेवली आहे. पण फरशी नाल्याच्या तळापासून किती उंच आहे ते काढायला लेव्हलचं यंत्र लागतं आणि ते माझ्याकडे नाही. आमच्या शहराच्या साहेबांनी पत्र इथवर वाचलं असेल तर एका सर्व्हेअरला अर्ध्या दिवसासाठी पाठवावं. चहा शेठकडे.